१८६ ग्रॅम पाचू आणि पुडीच्या कागदावरचा डाग

मावसभावाचा फोन आला तेव्हा तो जयपूरला, ‘गोपालजी का रास्ता’ या गल्लीतल्या एका पेढीच्या गादीवर बसला होता. मागे पंखा घरघरत होता आणि तो अगदी हळू आवाजात बोलत होता. “ताई, झांबियाचा पाचू आहे, कच्चा. एकशे शहाऐंशी ग्रॅमचा लॉट. शेठ ग्रॅमला अठराशे म्हणतायत. फोटो टाकलेत बघ. तू नुसतं हो म्हण, मी बयाणा देतो.”

बयाणा देऊ नकोस, लॉट दोन दिवस धरून ठेवायची विनंती कर, एवढं सांगितलं आणि संध्याकाळची जयपूर गाडी पकडली. पुढच्या तीन दिवसांत त्या लॉटचं काय झालं, ते इथे आकड्यांसकट मांडते आहे. आकडे माझ्या वहीतले आहेत आणि मावसभावाला विचारूनच लिहिते आहे. भाव त्या मालाचे, त्या दिवसाचे. ते उचलून दुसऱ्या मालाला लावू नयेत. हिशोबाची रीत मात्र कुठल्याही कच्च्या रत्नाला लावता येते.

त्याचा हिशोब

मावसभावाचं कोल्हापुरात गुजरीजवळ चांदीच्या दागिन्यांचं छोटं दुकान आहे. बुधाची अंगठी म्हणून पाचू मागणारी गिऱ्हाइकं नेहमी येतात. आजवर तो मुंबईहून पैलू पाडलेले खडे आणायचा. कच्चा माल स्वतः घ्यायचा आणि जयपूरलाच घडवून घ्यायचा, म्हणजे मधले दोन हात वाचतील, असं त्याच्या मनात आलं. विचारात काही चूक नाही. मीही ठाण्यात माझं काम असंच सुरू केलं होतं.

त्याने वहीत मांडलेला हिशोब असा होता. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा १८६ ग्रॅम म्हणजे ९३० कॅरट. शेठ म्हणाले पंचवीस टक्के माल उतरतो, म्हणजे २३२ कॅरट तयार खडे. सरासरी कॅरटला २,५०० धरले तर ५,८०,०००. लॉटचे ३,३४,८०० आणि कॅरटला १५० प्रमाणे घडणावळीचे ३४,८०० वजा केले की उरतात दोन लाख दहा हजार. कागदावर सुंदर दिसत होतं.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, “आपल्याकडच्या कारखान्याचा उतारा किती?” कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. “अकरा-बारा टक्के,” तो म्हणाला. एक टन ऊस गाळला की एकशे दहा-वीस किलो साखर. बाकी पाणी, चिपाड, मळी. कच्च्या रत्नाचंही तसंच आहे. चिरा, खडकाचे तुकडे, रंग नसलेली टोकं, चाकावर उडणारी भुकटी हे सगळं जाऊन जे उरतं तो उतारा. भाव उसाला मिळतो, पण पैसे साखरेचे होतात, आणि म्हणून शेतकरीही उतारा विचारल्याशिवाय राहत नाही.

ग्रॅमचा भाव ऐकायला नेहमी स्वस्त वाटतो, तो याच कारणाने. ग्रॅमला १,८०० म्हणजे कच्च्या कॅरटला ३६०. उतारा पंचवीस टक्के असेल तर तयार खड्याला कॅरटमागे १,४४० रुपये माल पडतो. उतारा अकरा टक्के असेल तर तोच माल ३,२७३ रुपयांना पडतो, घडणावळ वेगळीच. शेठ पंचवीस म्हणाले तेव्हा ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. स्वच्छ, सरळ स्फटिकातून पंचवीस टक्के निघतात, मी काढले आहेत. प्रश्न हा होता की समोरच्या १८६ ग्रॅममध्ये तसे स्फटिक किती.

माल कुठून येतो

हे थोडक्यात, कारण पुढच्या तपासणीला लागणार आहे. झांबियाच्या कॉपरबेल्ट भागात काफुबू नदीच्या आसपास पाचूच्या खाणी आहेत. त्यातली कागेम सगळ्यात मोठी; तिचा ७५ टक्के हिस्सा जेमफील्ड्स कंपनीकडे आणि २५ टक्के झांबिया सरकारकडे. २००९ पासून कंपनी प्रतवारी केलेला कच्चा माल लिलावात विकते, आणि त्या लिलावांत जयपूरचे व्यापारी मोठ्या संख्येने असतात. २०१८ मध्ये तिथे सापडलेला ५,६५५ कॅरटचा, म्हणजे किलोहून जड ‘इंकालामू’ एका भारतीय कंपनीनेच घेतला. लिलावातला लॉट जयपूरला येतो, फोडला जातो, निवडला जातो, पुन्हा जुळवला जातो आणि हाताहातांतून फिरत छोट्या पेढीपर्यंत पोचतो. मावसभावासमोर जी पुडी उघडली तिच्यावर आधी किती जणांनी चिमटा चालवला होता, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

दुसरी गोष्ट खनिजाची. पाचू बनायला बेरिलियम लागतं आणि हिरव्या रंगासाठी क्रोमियम. ही दोन मूलद्रव्यं निसर्गात सहसा एका खडकात राहत नाहीत. काफुबूला बेरिलियम पेग्मॅटाइट नावाच्या खडकाच्या शिरांबरोबर खालून आलं आणि क्रोमियम आधीच्या जुन्या खडकात होतं. दोघांची गाठ पडली त्या पट्ट्यात पाचू झाला. म्हणून झांबियाचा स्फटिक काळसर अभ्रकी खडकात रुतलेला असतो, त्याच्या आत अभ्रकाचे कण असतात, आणि त्या उलथापालथीत त्याला चिरा पडलेल्याच असतात. बिनचिरेचा पाचू इतका दुर्मीळ की तसा दिसला तर मी आधी काचेचा संशय घेते.

आणि चिरा आहेत म्हणून तेल आहे. रंगहीन तेल चिरेत मुरवलं की चीर दिसेनाशी होते. ही रीत जुनी आहे, सांगून केली तर व्यापारात मान्य आहे, आणि कच्चा मालही कित्येकदा तेलात बुडवूनच ठेवतात. हिरवा रंग घातलेलं तेल ही निराळी गोष्ट. जयपूरच्या बाजारात त्याला ‘जोबन’ म्हणतात. ते चीर लपवतं आणि वर नसलेला रंगही दाखवतं.

गादीवरचे दोन तास

पोचले तेव्हा दुपार कलली होती. मी माल तेव्हा पाहिलाच नाही. उतरत्या उन्हात पिवळा-तांबडा झाक येतो आणि रंगाचा अंदाज चुकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, उत्तरेकडच्या खिडकीपाशी पांढरा ताट मागून घेतला. शेठ वयस्क, बोलणं अदबीचं. “बहनजी, आराम से देखिए,” म्हणाले आणि चहा सांगितला.

पुडी उघडली की सगळ्यात वर एक तुकडा असतो जो आधी डोळ्यात भरतो. इथे तो साडेतीन ग्रॅमचा षटकोनी स्फटिक होता, एका टोकाला खिडकीसारखा स्वच्छ. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि शेवटी पाहायचं ठरवलं. दर्शनी तुकडा हातात घेऊन माल पाहिला की बाकीचे सगळे त्याचे भाऊ वाटायला लागतात.

तुकडे ओलसर चमकत होते. मी रुमालाने पुसून कोरडे केले. ओल्या पृष्ठभागावरचा खरखरीतपणा झाकला जातो आणि आतलं सगळं चांगलं दिसतं. मुद्दाम ओलं करून आत बघायचं ते नंतर, आपल्या हाताने. मग मावसभावाला शेजारी बसवून टॉर्च, दहापट भिंग आणि चिमटा घेऊन एकेक तुकडा प्रकाशाच्या आड धरायला सुरुवात केली. टॉर्च समोरून मारायचा नाही. बाजूने, बोटाच्या आडून मारायचा, म्हणजे आतली चीर आरशासारखी चमकते. चीर पृष्ठभागापासून किती खोल गेली, ती स्फटिकाच्या आरपार आहे की एका कोपऱ्यात, यावर त्या तुकड्याचं नशीब ठरतं. एका कोपऱ्यातली चीर कापून टाकता येते. आरपार आडवी चीर असेल तर एका तुकड्याचे दोन छोटे तुकडे होतात, आणि पाचूत दोन अर्ध्या कॅरटचे खडे मिळून एका कॅरटच्या खड्याची किंमत कधीच होत नाही.

एकूण १४३ तुकडे. चार ढीग झाले. पहिल्यात ९ तुकडे, २२ ग्रॅम: रंग चांगला, पैलू पडतील असे, दर्शनी तुकडा यातच. दुसऱ्यात ३१ तुकडे, ४८ ग्रॅम: पैलू पडतील, पण रंग फिका किंवा आत अभ्रक जास्त. तिसऱ्यात ५८ तुकडे, ७१ ग्रॅम: फक्त गोल घुमटी खडे किंवा मणी होतील असे धुरकट. चौथ्यात ४५ तुकडे, ४५ ग्रॅम: खडक चिकटलेले, चिरांनी भरलेले, टाकाऊ.

ढीग पाहूनच एक गोष्ट कळली. खाणीतून सरळ आलेल्या मालात प्रत हळूहळू उतरत जाते. उत्तम, बरं, मध्यम, हलकं अशी पायरी सापडते. इथे नऊ चांगले तुकडे आणि मग एकदम दरी. मधली पायरी कुणीतरी आधीच उचललेली होती आणि हलक्या मालावर नऊ चांगले ठेवून लॉट जुळवला होता. असा लॉट घेऊ नये असं नाही, पण त्याला सरासरी भाव लावता येत नाही. मावसभावाच्या वहीत ९३० कॅरट एकाच रांगेत उभे होते, सगळी गडबड तिथे होती.

रंगाबद्दल त्याने विचारलं, “ताई, दुसऱ्या ढिगातला हिरवा काही वाईट नाही. फिका कसा म्हणतेस?” मी त्याला कोकमाचं आठवण करून दिलं. तांब्यात भरलेलं कोकम सरबत काळपट लाल दिसतं, तेच काचेच्या ग्लासात ओतलं की गुलाबी. बारा मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात दिसणारा हिरवा रंग चार मिलिमीटरच्या खड्यात तेवढा राहत नाही. गार्नेटसारख्या गडद दगडाचं उलटं असतं. तिथे मोठा तुकडा काळा दिसतो आणि छोटा खडा उजळतो. पाचूत मात्र कच्च्याला दिसतो त्यापेक्षा एक पायरी फिका रंग मनात धरूनच भाव लावायचा.

त्या सकाळी माझा पहिला अंदाज असा निघाला. पहिल्या ढिगाचा उतारा वीस टक्के, २२ कॅरट, कॅरटला ६,००० म्हणजे १,३२,०००. दुसऱ्याचा सोळा टक्के, ३८.४ कॅरट, १,८०० प्रमाणे ६९,१२०. तिसऱ्याचे घुमटी खडे तीस टक्के उतरले तर १०६.५ कॅरट, २५० प्रमाणे २६,६२५. चौथा ढीग कच्चाच विकला तर २,७००. सगळे मिळून २,३०,४४५. घडणावळ १३,३२०, दलाली, प्रवास, तेल, मोठ्या खड्यांचे प्रयोगशाळेचे दाखले यांचे १७,००० धरले. उरले दोन लाख. त्यातला एक तृतीयांश मी चुकीसाठी आणि अडकून पडणाऱ्या पैशासाठी सोडते. राहिले १,३३,०००, म्हणजे ग्रॅमला सातशेच्या आसपास.

अठराशे आणि सातशे. मावसभाऊ माझ्याकडे बघत राहिला.

डाग

तो माल पुन्हा पुडीत भरायला लागला तेव्हा माझं लक्ष आतल्या पातळ कागदाकडे गेलं. त्यावर तेलकट डाग होते. ते मी आधीही पाहिले होते आणि सोडून दिले होते, कारण पाचूच्या पुडीत तेलाचा डाग असणारच. आता कागद खिडकीसमोर आला होता, आणि एका डागाची कड हिरवट दिसली. पावसाळ्यात भिंतीवर ओल येते तेव्हा जशी कडेला रेघ उमटते, तशी बारीक हिरवी रेघ. रंगहीन तेलाच्या डागाला अशी कड येत नाही.

गादीवर बसून ॲसिटोनचा बोळा फिरवणं मला प्रशस्त वाटेना. माल अजून त्यांचा होता, आणि त्यातलं तेल काढलं तर मालाचं रूप बदलतं. मी शेठना विचारलं, नमुना म्हणून पाच तुकडे विकत द्याल का? लॉट फोडून द्यायला कुणीच खुश नसतो. थोडा वेळ बोलणं झालं आणि निवडीचा भाव म्हणून ग्रॅमला २,५०० ठरले. दोन तुकडे पहिल्या ढिगातले घेतले, दर्शनी सोडून. दोन दुसऱ्यातले.

पाचवा घ्यायला मी पैलू पाडणाऱ्या उस्तादांना फोन करून बोलावलं. त्यांच्याकडे मी अकरा वर्षं काम देते. जयपूरच्याच रामगंज भागात त्यांचा कारखाना आहे, तीन चाकांचा. ते आले, बसले, आणि चौथ्या, टाकाऊ ढिगात हात घातला. खडकाचा जाड काळा थर चिकटलेला एक तुकडा उचलून त्यांनी जिभेने ओला केला, टॉर्चवर धरला, एक डोळा मिटला. मला त्या तुकड्यात खडकच दिसला होता. त्यांना खडकाच्या खाली उभा सरळ स्फटिक दिसला. “ये ले लीजिए,” एवढंच म्हणाले. घेतला. पाच तुकडे, ७.४ ग्रॅम, ३७ कॅरट, १८,५०० रुपये.

रामगंज

कारखान्यात पोचल्यावर आधी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून पहिल्या तुकड्यावर दाबून धरला. मिनिटभराने काढला तेव्हा त्यावर पुदिन्याच्या पाण्यासारखा फिकट हिरवा डाग होता. भिंगाखाली पाहिलं तर रंग दगडाच्या अंगात सारखा पसरलेला नव्हता, चिरांच्या रेषांमध्ये गडद साठला होता. खिडकीपाशी बसून हे आधीच दिसायला हवं होतं. तेव्हा मी चिरांची खोली मोजत होते, त्यांचा रंग बघितला नाही. चेल्सी फिल्टरवर, म्हणजे ज्यातून पाहिलं की बरेच पाचू लाल दिसतात त्या रंगीत काचेवर, विसंबून बसणाऱ्यांना इथे सांगावंसं वाटतं की झांबियाच्या पाचूत लोह जास्त असल्याने तो फिल्टरखाली बऱ्याचदा लाल दिसतच नाही. त्यावरून खरं-खोटं ठरवू नये, आणि रंगीत तेल ओळखायलाही त्याचा भरवसा नाही.

खरी गोष्ट कळली ती काडीवर. पैलू पाडायच्या आधी दगड लाखेने काडीच्या टोकावर बसवतात. लाख मऊ व्हायला ज्योत लागते आणि दगडही तापवावा लागतो. उस्तादांनी पहिला तुकडा ज्योतीच्या बाजूला, दोन बोटं अंतर ठेवून फिरवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने दगडाच्या अंगावर बारीक थेंब आले. कापड लावलं तर कापड हिरवं.

“पत्थर पसीना दे रहा है,” उस्ताद म्हणाले.

मावसभाऊ पुढे वाकून बघत होता. तापलेला दगड गार झाला तेव्हा शेजारच्या, न तापवलेल्या दुसऱ्या तुकड्यापेक्षा तो दोन पायऱ्या फिका होता, आणि सकाळी न दिसलेल्या चिरा पांढऱ्या जाळीसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक मधोमध.

उस्तादांनी तो तुकडा बराच वेळ फिरवून पाहिला. पाचूच्या लांबट स्फटिकाला चौकोनी, कोपरे छाटलेला घाट बसतो, कारण त्यात लांबी वाया जात नाही आणि छाटलेले कोपरे सहज टवकत नाहीत. पण खड्याचं तोंड स्फटिकाच्या कुठल्या बाजूला ठेवायचं यावर रंगही बदलतो: उभ्या अक्षातून पाहिलं तर पिवळसर हिरवा, आडव्यातून पाहिलं तर निळसर झाक. इथे मधली चीर वाचवायची म्हणून खडा आखूड घ्यावा लागला. ११ कॅरटच्या तुकड्यातून मी २.२ धरले होते. उतरले १.४५.

दुसरा तुकडा साडेआठ कॅरटचा. लाखेवर बसवतानाच आतून एक हलका आवाज आला, शेंगदाणा सोलल्यासारखा, आणि तो तिरका दुभंगला. दोन छोटे खडे मिळून ०.६ कॅरट. दुसऱ्या ढिगातल्या साडेसहा आणि पाच कॅरटच्या दोन तुकड्यांतून अनुक्रमे ०.७५ आणि ०.५.

पाचवा, उस्तादांनी टाकाऊ ढिगातून उचललेला सहा कॅरटचा. त्याच्यावर खडक होता म्हणून तेल फारसं शिरलंच नव्हतं. वरचा काळा थर चाकावर गेला आणि खाली निळसर हिरवा, आपल्याच रंगाचा दगड निघाला. ०.८ कॅरट. पाचांमध्ये रंगाने तोच सर्वांत बरा. त्या ढिगाला मी घाईने टाकाऊ म्हटलं होतं, ते वहीत तसंच लिहून ठेवलं आहे.

३७ कॅरट कच्च्यातून ४.१ कॅरट तयार. अकरा टक्के. मावसभावाने आकडा दोनदा करून पाहिला आणि म्हणाला, “हा तर बरोबर आपल्या उसाचा उतारा झाला.”

नवा हिशोब

त्या रात्री धर्मशाळेच्या खोलीत आम्ही वही पुन्हा मांडली, या वेळी पेन त्याच्या हातात. पहिल्या ढिगाचा उतारा वीसवरून अकरा टक्क्यांवर आणला: १२.१ कॅरट. रंगीत तेल काढून रंगहीन तेल भरल्यावर जो रंग राहील त्याला कॅरटला ४,०००, म्हणजे ४८,४००. दुसरा ढीगही अकरा टक्के, २६.४ कॅरट, १,२०० प्रमाणे ३१,६८०. तिसऱ्याचा उतारा तोच ठेवला, भाव २५० वरून १५०: १५,९७५. चौथ्या ढिगाला मात्र २,७०० ऐवजी ९,००० दिले. खडकाखाली लपलेले अजून काही असणार. एकूण १,०५,०५५. घडणावळ आणि बाकी खर्च मिळून २७,०३५. उरले ७८,०२०. तृतीयांश सोडला की ५२,०००. ग्रॅमला २८०.

“सकाळी सातशे होते,” तो म्हणाला.

“सकाळी तेल आपण रंग म्हणून मोजलं होतं.”

त्याला एक शंका होती आणि ती रास्त होती. पाच तुकड्यांवरून १४३ तुकड्यांचा न्याय कसा करायचा? खरंय, पाच हा मोठा नमुना नाही. पण चांगले म्हणून घेतलेल्या चारही तुकड्यांच्या चुका एकाच दिशेने निघाल्या होत्या: उतारा कमी, रंग फिका, चिरा जास्त. त्या चारांत एखादा वर, एखादा खाली निघाला असता तर मी म्हटलं असतं की पाच अजून घेऊ. शिवाय तेल एकेका तुकड्याला कुणी वेगवेगळं लावत नाही. लॉट एकत्र बुडवतात. दर्शनी तुकड्यानेही चित्र बदललं नसतं. त्याचं स्वच्छ टोक खरं असलं तरी त्या साडेतीन ग्रॅममधून दोन कॅरटचा खडा निघाला असता, फार तर सव्वादोन, आणि तो पहिल्या ढिगाच्या हिशोबात आधीच धरलेला होता.

नमुन्याचाही हिशोब लिहिला. १८,५०० चे तुकडे, तातडीच्या कामाचे १,०००. तयार खड्यांची किंमत लावली ती अशी: पहिल्याचे ५,८००, दुभंगलेल्याच्या दोघांचे १,२००, दुसऱ्या ढिगातल्या दोघांचे १,५००, उस्तादांच्या खड्याचे २,८००. एकूण ११,३००. म्हणजे ८,२०० रुपये गेले. मावसभावाला ते लागले, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्यात वाईट वाटलं नाही. साडेतीन लाखांच्या निर्णयाआधी आठ हजार घालवणं मी दर वेळी करते आणि मोठ्या लॉटमध्ये याहून जास्तही घालवते.

भाव

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठकडे गेलो. आपला भाव कमी असला तरी तो सांगायचा असतो, गुपचूप निघून जाणं बरं दिसत नाही. दलालाने पुडी बंद करून वर भाव लिहायला सांगितला. मी लिहिलं: २८०.

शेठनी वाचलं, पुडी खाली ठेवली, आणि मला वाटलं होतं तसे ते रागावले नाहीत. ११०० म्हणाले. मग ९०० म्हणाले, आणि हा शेवटचा असंही. मी त्यांच्यासमोर उस्तादांचं हिरवं कापड ठेवलं. ते थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, मीही हा लॉट असाच घेतलाय, बहनजी. ते खरं असावं. तेल कुणी घातलं हे त्या गल्लीत शोधायला गेलं तर प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवेल, आणि त्यातले बहुतेक खरं बोलत असतील. पण ज्याच्याकडे पुडी शेवटी येते त्याच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. कोल्हापूरच्या एखाद्या आजींनी नातवाच्या बोटात घातलेला खडा वर्षभराने पांढरट पडला असता, तर त्या मावसभावाकडेच आल्या असत्या.

लॉट आम्ही सोडला.

निघताना शेठनी स्वतःहून दुसरी पुडी काढली. धूळ खाल्लेली, खडकाला चिकटलेली, दिसायला अगदीच सामान्य. भाव ग्रॅमला ४५०. मावसभावाने मला हात लावू दिला नाही. आधी त्याने पुडीचा कागद काढून खिडकीसमोर धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. मग मूठभर तुकडे पांढऱ्या टिश्यू कागदात गुंडाळून वर चहाचा गरम कप ठेवला आणि चहा संपेपर्यंत गप्प बसून राहिला. कागद कोरडा निघाला. त्याने भिंग मागितलं, शेठच्या परवानगीने तीन तास निवड केली, आणि १२० कॅरट, म्हणजे २४ ग्रॅम बाजूला काढले. निवडीचा भाव ६०० ठरला, १४,४०० रुपये.

पैसे देण्याआधी वहीत त्याने उतारा लिहिला: बारा टक्के. महिन्याभराने उस्तादांकडून पार्सल आलं तेव्हा त्यात १५.६ कॅरट होते, म्हणजे तेरा. सगळ्यात मोठा खडा १.१ कॅरटचा, थोडा अभ्रकी, निळसर हिरवा. तो त्याने विकायला ठेवलेला नाही, मावशीच्या अंगठीत बसवला आहे.